आटे पाडायची हत्यारं घेताना

(दृश्य: वागळे इस्टेट, सकाळ. गाळ्यांची शटरं वर जातायत.)

ठाण्याची वागळे इस्टेट ही एमआयडीसीची पहिली औद्योगिक वसाहत. महामंडळाची स्थापना १९६२ची. आज इथे बरंच काही बदललंय, पण लेथ, मिलिंग, फॅब्रिकेशनचे छोटे गाळे अजून चालतात. या गाळ्यांमध्ये ज्यांचा हात बसला, ती माणसं आसपासच राहतात, वर्तकनगरला, किसननगरला, सावरकरनगरला. कुणाच्या गॅलरीत एक शेगडा, म्हणजे काम पकडायचा व्हाइस, ठोकलेला असतो, कोपऱ्यात ड्रिल मशीन. सायकल, शिलाई मशीन, गेटची बिजागरी, सगळं तिथेच दुरुस्त होतं. आणि दुरुस्ती निघाली की कुठे ना कुठे आटे गेलेले असतातच. भोकाच्या आत आटे पाडतो तो टॅप, दांड्यावर बाहेरून पाडते ती डाय.

(दृश्य: टॅप-डायची उघडलेली पेटी.)

घरी काम सुरू करणारा बहुतेक वेळा ही पेटी घेतो. चाळीस नग, लाल प्लास्टिकचा खण, किंमतही परवडणारी. आमचं स्पष्ट मत आहे, ही घेऊ नका. यातले निम्म्याहून जास्त साइज घरात कधी लागत नाहीत, आणि जे लागतात ते नेमके ऐन कामात दगा देतात. त्याच पैशांत तीन-चार साइजचे चांगले टॅप येतात. घरासाठी एम५, एम६, एम८ आणि एम१० भरपूर झाले. एम८ म्हणजे ८ मिलिमीटर व्यासाच्या बोल्टचं माप.

(दृश्य: दोन टॅप शेजारी शेजारी, अगदी जवळून.)

आता हे दोन एम८ टॅप नीट पाहा. डावीकडच्याच्या धारेवर बारीक बर, म्हणजे धातूची खरखरीत कड, आहे, आट्यांचा रंग काळपट, मधल्या खाचा खरबरीत. उजवीकडचा ग्राइंड केलेला, म्हणजे सानेवर घासून नेमका केलेला आहे. प्रत्येक आटा चकचकीत, धार एका रेषेत, दांड्यावर एम८ गुणिले १.२५ (दोन आट्यांमधलं अंतर, मिलिमीटरमध्ये) आणि एचएसएस, म्हणजे हाय स्पीड स्टील, असं स्वच्छ कोरलेलं. हाय स्पीड स्टील सहाशे अंशांच्या आसपासही धार टिकवतं, हे खरं. पण हाताने फिरवताना टॅप एवढा तापतच नाही. घरच्या कामात खरा फरक पाडतं ते ग्राइंडिंग. आटे कडक करायच्या आधीच पाडले आणि नंतर ग्राइंड केले नाहीत, तर कडक करताना टॅप किंचित वाकतो, आणि तो वाक थेट भोकात उतरतो.

हात टॅप तीनच्या सेटमध्ये घ्या. पहिल्याचं टोक सात ते दहा आट्यांपर्यंत निमुळतं, म्हणून तो भोकात सरळ शिरतो. दुसरा तीन ते पाच आटे, तिसरा एक-दोन. भोक आरपार असेल तर बहुतेक वेळा पहिल्यावरच भागतं. बंद भोकात मात्र तिसरा नसला की तळाचे आटे अर्धवट राहतात.

(दृश्य: ड्रिलचं पातं, व्हर्नियरच्या जबड्यात.)

टॅपवर पैसे घालणारे ड्रिलवर मात्र हात आखडतात. टॅप घालायच्या आधी एम६ला ५ मिलिमीटरचं भोक पाडायचं, एम८ला ६.८, एम१०ला ८.५. लोखंडात हाताने एम६ मारताना ५.२चं ड्रिल वापरलं तरी आटे साठ टक्के खोल पडतात आणि बहुतेक कामांना ते पुरतात. जोर मात्र पुष्कळ कमी लागतो, आणि टॅप तुटतो तो बहुधा जोरानेच, नाहीतर तिरका धरल्याने. तुटलेला तुकडा इतका कडक असतो की त्याला साधं ड्रिल लागत नाही. विजेच्या ठिणग्यांनी धातू झिजवणारा स्पार्क मशीनवाला तो काढून देतो, पण छोट्या जॉबसाठी तो खर्च परवडत नाही.

(दृश्य: हात, टॅप हँडल, बाजूला गुण्या.)

म्हणून काटकोन तपासायचा गुण्या टॅपला लावून बघायचा, मग टॅप अर्धा फेरा पुढे, पाव मागे, कीस तुटला पाहिजे. लोखंडाला कटिंग ऑइल, ॲल्युमिनियमला रॉकेल, बिडाला, म्हणजे कास्ट आयर्नला, काहीच नाही.

डायचं थोडक्यात. फट असलेली गोल डाय घ्या, हँडलच्या स्क्रूने ती थोडी कमी-जास्त करता येते. षटकोनी डाय नट आधीचे खराब आटे साफ करायला उत्तम. नवीन आटे पाडायला तो वापरू नये.

(दृश्य: जुन्या मशीनचा बोल्ट, त्यावर पिच गेज.)

जुन्या मशीनला हात लावण्याआधी आट्यांमधलं अंतर तपासायचं हे पिच गेज घ्याच. ठाण्या-बेलापूरच्या पट्ट्यात इंची बोल्ट अजून भेटतात. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. अडीच सुती बोल्टचा व्यास ७.९४ मिलिमीटर, म्हणजे डोळ्याला एम८च. पण त्याच्या व्हिटवर्थ, म्हणजे जुन्या ब्रिटिश इंची मापाच्या, आट्यांचा कोन ५५ अंश आणि इंचाला १८ आटे, तर मेट्रिकचा कोन ६०. त्यावर एम८चा नट दोन-तीन फेरे जातो आणि अडकतो. तिथे एम८चा टॅप घातलात तर चांगले आटेही जातील.

(दृश्य: मस्जिद स्टेशनचा पूल, नागदेवी स्ट्रीट.)

ठाण्याहून लोकलने मुंबईत मस्जिदला उतरून हत्यारांच्या बाजाराची नागदेवी स्ट्रीट गाठली की सुटे सेट मिळतात. पाकीट उघडून धार उजेडात धरून बघा, आणि प्रत्येक टॅपच्या मापाचं ड्रिल त्याच दुकानातून, त्याच वेळी घ्या.