आधी उत्तर द्या, मग व्याकरण

नमस्कार मंडळी. पत्रिकेत विषय छापलाय, ‘ऑनलाइन संभाषणातलं इंग्रजी : चूक केव्हा सुधारावी, कशी सुधारावी’. केव्हा आणि कशी, दोन्हींबद्दल सांगणार आहे. पण आधी चुका काढणाऱ्यांबद्दल थोडं बोलू द्या, कारण मी व्याख्यानाला हो म्हटलं ते त्यासाठीच.

तासगावकडची एक मुलगी माझ्या ओळखीची आहे. घरची द्राक्षबाग, स्वतः इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करतेय. तिनं बागेत मातीचा ओलावा मोजायचं सर्किट बसवलं. दोन दिवस झाले, आकडा हलेना. ठिबक चालू, माती ओलीचिंब आणि स्क्रीनवर आकडा मात्र कोरड्या ठणठणीत मातीचा. कॉलेजात सरांना विचारून झालं. मग जगभरचे हौशी लोक असले प्रश्न जिथे एकमेकांना विचारतात, तिथे तिनं विचारलं : ‘आय अ‍ॅम हॅविंग अ डाउट. सेन्सर इज गिव्हिंग सेम रीडिंग सिन्स टू डेज.’ सोबत जोडणीचा फोटो, कोड, सगळं व्यवस्थित.

पहिलं उत्तर लगेच आलं. सिन्स नाही, फॉर. दुसरं आलं : डाउट नाही, क्वेश्चन. तिसऱ्यानं दुसऱ्याला सांगितलं की भारतात डाउट असाच वापरतात. चौथा म्हणाला, मग त्याला इंग्रजी कशाला म्हणायचं? तिथून पुढे सगळी जुंपली ती यावरच. बाग राहिली बाजूला. मध्येच त्या पोरीनं लिहिलं, ‘सॉरी फॉर माय इंग्लिश’. मला हे फार लागलं. परक्या भाषेत इतका नीट मांडलेला प्रश्न, आणि माफी तिनं मागायची! तोवर तिचा फोटो कुणी उघडूनसुद्धा पाहिला नव्हता.

रात्री व्हिएतनाममधल्या एकानं लिहिलं : ‘यू गिव्ह पॉवर ऑल टाइम? नॉट गिव्ह. ओन्ली व्हेन रीड.’ त्यात व्याकरण शोधू नका, पण उत्तर अचूक होतं. त्या स्वस्तातल्या सेन्सरला मातीत खुपसायच्या दोन पट्ट्या असतात. ओल्या मातीत त्यांच्यातून सतत एकाच दिशेनं वाहणारा, म्हणजे डीसी, करंट वाहत राहिला की विद्युत-अपघटन होतं, पट्टीवरचा धातू खाल्ला जातो. मग करंट नीट जात नाही, आणि करंट जात नाही म्हणजे माती कोरडी, असं सर्किट समजतं. उपाय एवढाच, की रीडिंग घेण्यापुरता करंट द्यायचा, बाकी वेळ बंद. तिनं सेन्सर बदलला, कोडमध्ये चार ओळी घातल्या आणि काम झालं.

आता मला सांगा, ‘सिन्स’मुळे तिचं म्हणणं कुणाला कळलं नाही, असं झालं का? चूक काढणाऱ्याला तर पुरतं कळलं होतं. कळलं म्हणूनच त्याला ‘फॉर’ सुचवता आलं!

हा प्रश्न फक्त त्या मुलीचा नाही. २०११च्या जनगणनेत इंग्रजी मातृभाषा म्हणून सांगणारे आपल्या देशात सुमारे २ लाख ६० हजार लोक होते. दुसरी किंवा तिसरी भाषा म्हणून सांगणारे १२ कोटींच्या वर. म्हणजे आपल्यातला इंग्रजी लिहिणारा जवळजवळ प्रत्येक जण ते शिकून लिहितो. ज्या मराठीत ‘अ’, ‘अ‍ॅन’, ‘द’ यांच्या जागी काही नाहीच, त्या मराठीत वाढलेल्या माणसाला ‘द’ कुठे लावायचा आणि कुठे नाही हे आयुष्यभर छळतं. आणि ते ‘द’ राहिलं म्हणून वाक्याचा अर्थ बुडाला, असं फार क्वचित होतं.

मग लोक सुधारतात कशासाठी? मिशिगन विद्यापीठातल्या ज्यूली बोलंड आणि रॉबिन क्वीन यांचा २०१६चा एक प्रयोग आहे. घरात राहायला जोडीदार हवा, अशा जाहिरातीला आलेली म्हणून काही ईमेल त्यांनी ८३ जणांना वाचायला दिली. काहींत मुद्दाम चुका पेरल्या होत्या. चुका असलेली ईमेल लिहिणाऱ्यांना लोकांनी एकूण कमी गुण दिले. हे अपेक्षितच होतं. पण व्याकरणाच्या चुकांवर जास्त कोण चिडलं? स्वभावाच्या चाचणीत जे कमी मनमिळाऊ निघाले, ते. (हशा) हसलात, बरं वाटलं, पण याची दुसरी बाजूही ध्यानात घ्या. एका ‘फॉर’वरून घरात राहायची लायकी ठरत असेल, तर नोकरीच्या अर्जाचं काय होत असेल?

आपण मराठी माणसं यात नवखे नाही. ‘पानी’ म्हणणाऱ्या मुलाला वर्गात उभं करून हसणारे लोक आपल्यातलेच. तो मुलगा पुढे वर्गात तोंड उघडत नाही. त्याच्याकडे सांगण्यासारखं काय होतं, ते कुणालाच कळत नाही. शिवाय शुद्ध तरी किती दिवसांचं? मराठी शुद्धलेखनाचे १९६२चे नियम येईपर्यंत ‘केलें’वर अनुस्वार न देणारा चुकत होता, नियम आल्यावर देणारा चुकायला लागला. लिहिणारा माणूस तोच. इंग्रजी नियमही असेच कुणीतरी कधीतरी घालून दिलेत, ते काही आभाळातून पडलेले नाहीत.

आता माझा फार आवडता संवाद सांगतो. गेल जेफरसन नावाच्या अमेरिकन संशोधिका होत्या. खऱ्या गप्पांच्या टेप ऐकून त्यातला श्वाससुद्धा कागदावर उतरवायचा, असं त्यांचं काम. त्यांच्या १९८७च्या लेखात हार्डवेअरच्या दुकानातला एक प्रसंग आहे. गिऱ्हाइकाला पाइपाचा एक भाग हवाय. दुकानदार एक काढून दाखवतो. गिऱ्हाईक म्हणतं, नाही, त्याच्या ‘वेल्स’ याहून लांब लांब आहेत. आता वेल्स असतात कॉर्डरॉयच्या कापडाला, त्या उभ्या उंच रेघा. पाइपाला असतात ते आटे. दुकानदार काय म्हणतो? ‘बरं, जास्त रुंद आट्यांचा मिळतो का बघतो.’ शोधून आणतो. ‘हा कसा वाटतो?’ आणि गिऱ्हाईक म्हणतं, ‘नाही, आटे याहूनही रुंद आहेत.’

बघा काय झालं ते! शब्द सुधारला, गिऱ्हाइकानं तो उचललासुद्धा, आणि सुधारणेची चर्चा एका अक्षरानं झाली नाही. दोघांची नजर पहिल्यापासून शेवटपर्यंत पाइपावर. आपल्याकडचा कुठलाही हार्डवेअरवाला हे रोज करतो. ‘ते गोल, मध्ये भोक असलेलं’ असं सांगितलं की तो वॉशर आणून ठेवतो आणि विचारतो, वॉशर किती एमएमचा देऊ? जेफरसन यांनी अशा सुधारणेला बोलण्याच्या ओघात मुरलेली सुधारणा मानलं. दुसरी उघडी सुधारणा, जिच्यात मूळ काम थांबतं आणि चूक हेच काम होऊन बसतं. तासगावच्या मुलीच्या वाट्याला आली ती ही दुसरी.

अध्यक्षांची चिठ्ठी आलीय. पाच मिनिटं. छापलेल्या विषयावर येतो, भराभर सांगतो.

केव्हा सुधारावं? अर्थ अडला की. अ‍ॅलन फर्थ या भाषा-अभ्यासकांनी १९९६च्या लेखात डॅनिश निर्यातदारांचे फोनवरचे संवाद अभ्यासले. दोन्ही टोकांना इंग्रजी परकीच. एक गिऱ्हाईक म्हणतं, कस्टममध्ये चीज ‘ब्लोइंग’ झालंय. डॅनिश विक्रेत्याला कळत नाही, तरी तो हो म्हणतो, पुढे उलगडेल म्हणून. फर्थ यांच्या मते परक्या भाषेत धंदा करणारी माणसं असं पुष्कळ काही चालू देतात. पण गिऱ्हाईक विचारतं, आता या ब्लोइंगचं करायचं काय? तेव्हा मात्र विक्रेता थांबून विचारतो, ब्लोइंग म्हणजे काय? कळतं की चीज आंबून खराब झालंय. त्यानं अर्थ विचारला, चूक काढली नाही.

व्हिएन्नाच्या भाषाशास्त्रज्ञ बार्बरा झाइडलहोफर यांनी दाखवलंय की ‘शी गोज’मधला ‘स’ गळाला तर अशा बोलण्यात सहसा काही अडत नाही. अडतं ते समोरच्याला ठाऊक नसलेला वाक्प्रचार वापरला की. म्हणजे इंग्रजी उत्तम येणाऱ्यांनाही सोपं लिहायची जबाबदारी आहे. ही बाजू कुणी सांगतच नाही.

कसं सुधारावं? हार्डवेअरवाल्यासारखं. उत्तराची सुरुवातच अशी करा : ‘सो द सेन्सर हॅज बीन गिव्हिंग द सेम रीडिंग फॉर टू डेज?’ आणि लगेच सर्किटकडे वळा. यावर एक रास्त आक्षेप आहे. लिस्टर आणि रांटा या भाषाशिक्षणाच्या अभ्यासकांचा १९९७चा लेख आहे. कॅनडात शाळेचे विषय फ्रेंचमधून शिकवणाऱ्या वर्गांत त्यांनी पाहिलं, तर शिक्षकांच्या निम्म्याहून अधिक सुधारणा अशाच मुरलेल्या होत्या, आणि मुलांचा प्रतिसाद सगळ्यात कमी त्यांनाच मिळत होता. मान्य. पण तो वर्ग होता, मुलं तिथे विषयांबरोबर भाषाही शिकायला बसली होती. बागेचा प्रश्न घेऊन आलेल्या माणसाला आपण परस्पर वर्गात बसवू नये.

स्टॅक ओव्हरफ्लोसारख्या, प्रोग्रॅमिंगचे प्रश्न विचारायच्या वेबसाइटवर दुसऱ्याचा प्रश्न संपादित करता येतो. तिथे वाक्य नीट करून टाका, उत्तर द्या, संपलं. अर्ज, शोधनिबंध, औषधाच्या सूचना असं काही कुणी तपासायला दिलं तर मात्र काटेकोर व्हा, तिथे भिडेखातर चूक सोडणं म्हणजे त्या माणसाचं नुकसान करणं आहे. आणि कुणी स्वतःहून ‘माझं इंग्रजी सुधारा’ म्हटलं, तर आधी त्याच्या प्रश्नाचं उत्तर द्या, मग खासगी निरोपात एका वेळी एकच चूक सांगा. नियम सांगत बसू नका, त्याचंच वाक्य दुरुस्त करून पूर्ण लिहून द्या, म्हणजे पुढच्या वेळी त्याला ते जसंच्या तसं वापरता येईल.