अंगणवाडीची पेटी: खरेदी, तपासणी आणि कुलूप

(बालविकास प्रकल्प अधिकारी आणि पर्यवेक्षिकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार. पूर्वप्राथमिक शिक्षणाचा संच, म्हणजे आपल्या बोलण्यातली ‘पीएसई किट’, खेळणी, पुस्तकं, खडू यांची पेटी, ही एकात्मिक बालविकास सेवा योजनेतली तशी लहान खरेदी. केंद्राच्या निकषानुसार एका अंगणवाडीला वर्षाला ५,००० रुपये. तीन ते सहा वयाची २५ मुलं पटावर धरली, तर एका मुलामागे वर्षाचे २०० रुपये. त्याच मुलाच्या आहाराला २०१७ च्या दराने दिवसाला ८ रुपये, ३०० दिवसांचे २,४०० रुपये. आहाराच्या खरेदीवर न्यायालयापर्यंत भांडणं झाली. अंगणवाडीच्या आहारपुरवठ्यात कंत्राटदार नकोत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये दिला. खेळण्यांच्या पेटीकडे मात्र तेवढं लक्ष जात नाही. त्यामुळे या पेटीची काळजी घ्यायला आपल्याशिवाय कुणी नाही.

माझं म्हणणं असं आहे की या संचाचं भलंबुरं आधी स्पेसिफिकेशनच्या, म्हणजे कोणती वस्तू नेमकी कशी हवी याच्या वर्णनाच्या, पानावर ठरतं आणि शेवटी अंगणवाडीच्या कपाटात ठरतं. आपली देखरेख या दोन्हींच्या मधल्या कागदांवर चालते: पुरवठा आदेश, चलन, देयक, उपयोगिता प्रमाणपत्र. हे सगळे कागद बिनचूक असू शकतात आणि तरीही मुलाच्या हातात काहीच पडलेलं नसतं.

आधी स्पेसिफिकेशन. ‘रंगीत लाकडी ठोकळे, उत्तम प्रतीचे, १ संच’ असं लिहिलेलं पान हातात आलं की समजावं, माल कसा येईल ते आता पुरवठादार ठरवणार. उत्तम प्रत मोजता येत नाही, आणि जे मोजता येत नाही त्यावरून माल परत पाठवता येत नाही. लिहायचं ते असं: ठोकळ्यांची संख्या, प्रत्येकाचं माप मिलिमीटरमध्ये, मापात किती फरक चालेल, लाकूड वाळवलेलं आणि आर्द्रता १२ टक्क्यांच्या आत, कडा-कोपरे गोलाई दिलेले, ओल्या कापडाने चोळल्यावर रंग न सुटणारा. आर्द्रतेचा आकडा अनेकांना नसती उठाठेव वाटतो. पण ओलं लाकूड रंगवून पेटीत भरलं की उन्हाळ्यात आकसतं, तडकतं, रंगाचे पापुद्रे निघतात आणि ते मुलांच्या तोंडात जातात.

आता सुरक्षिततेचं. खेळणी गुणवत्ता नियंत्रण आदेश २०२० हा १ जानेवारी २०२१ पासून लागू आहे. खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे, आणि साध्या खेळण्यांसाठी आयएस ९८७३, विजेवर चालणाऱ्यांसाठी आयएस १५६४४ ही मानकं आहेत. चिन्ह दिसलं म्हणजे झालं, असं समजू नका. त्याखाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो भारतीय मानक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ अॅपवर टाका आणि परवाना कुणाच्या नावाचा, कोणत्या प्रकारच्या खेळण्यांचा, आजच्या तारखेला चालू आहे का, हे पाहा. प्लास्टिक खेळण्यांच्या परवान्याची प्रत लावून लाकडी खेळणी पुरवता येत नाहीत. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना आणि भौगोलिक मानांकन असलेल्या खेळण्यांना या आदेशातून सूट आहे. त्यांच्याकडून जरूर घ्या. मात्र सूट चिन्हापुरती आहे, शिसं त्या रंगातही घातकच. मानकात रंगातून सुटणाऱ्या शिशाची मर्यादा किलोमागे ९० मिलिग्रॅम आहे. तेवढ्या एका चाचणीचा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल कारागिराच्या मालालाही मागा, आणि चाचणीचा खर्च खात्याने सोसायची तरतूद करा. कारागिराला तो परवडत नाही.

एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. पुरवठादार खोक्यावर ‘३ वर्षांवरील मुलांसाठी’ असं छापतो. तेवढ्याने लहान सुट्या भागांची चाचणी टळते, कारण ती ३ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना लागू आहे. कागदावर आपला पटही तीन ते सहाचाच. पण अंगणवाडीत ताईच्या बोटाला धरून दीड वर्षाचं भावंडही येतं, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. म्हणून निविदेत स्पष्ट लिहा: संचातली प्रत्येक वस्तू ३ वर्षांखालच्या चाचणीत उतरली पाहिजे. या चाचणीचं नळकांडं ३१.७ मि.मी. व्यासाचं असतं आणि त्याचा तळ तिरका असतो, एका बाजूने २५.४ आणि दुसऱ्या बाजूने ५७.१ मि.मी. खोल. जी वस्तू न दाबता त्यात पूर्ण मावते, ती लहान मुलाच्या घशात अडकू शकते. ओवायचे बारीक मणी, कोड्यांच्या तुकड्यांच्या मुठी, बाहुलीचे बटणाचे डोळे इथे नापास होतात. मुठी आणि डोळे आधी ओढून पाहायचे. निघाले तर तेही नळकांड्यात टाकायचे. गोदामात साधारण ३२ मि.मी. आतल्या व्यासाचा पाइपचा तुकडा जवळ ठेवा. तो प्रयोगशाळेची जागा घेणार नाही, पण उघड धोकादायक वस्तू तिथल्या तिथे बाजूला काढता येईल.

दराबद्दल थोडक्यात. सगळ्या संचाचा एकच दर मागवला की पुरवठादार दिसणाऱ्या वस्तू बऱ्या देतो आणि खडू, पुस्तकं, दोऱ्यांत हात आखडतो. वस्तूनिहाय दर मागवा. लाकडी, प्लास्टिक, छापील आणि लेखनसाहित्य असे गट केले तर प्रत्यक्ष बनवणारेही निविदा भरू शकतात. पण मंजुरीची मर्यादा चुकवायला एकाच वस्तूची मागणी तुकड्यांत वाटणं नियमबाह्य आहे. हा फरक टिपणीत नोंदवून ठेवा, लेखापरीक्षणात तो विचारला जातो.

मंजूर नमुना सीलबंद करा, दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या, आणि एक संच जिथे माल उतरणार तिथे ठेवा. नमुना मुख्यालयाच्या कपाटात आणि माल तालुक्याला, अशा स्थितीत तुलना होत नाही. तपासणीसाठी ‘रँडम १० टक्के’ असं न लिहिता नमुना तपासणीच्या भारतीय मानकाचा, आयएस २५०० चा, तक्ता वापरा. ५०० पेट्यांच्या लॉटमधून, म्हणजे एकत्र आलेल्या मालातून, तपासणीच्या सर्वसाधारण पातळीला ५० पेट्या उघडायच्या. किरकोळ दोषांसाठी शेकडा २.५ ची स्वीकार पातळी धरली तर सदोष पेट्या ३ पर्यंत चालतात, चौथी सापडली की सगळा लॉट परत. सुरक्षिततेच्या दोषाला सूट नाही. एक सापडला तरी लॉट परत. आणि पेट्या आपण निवडायच्या, ट्रकच्या दाराशी मांडलेल्या घ्यायच्या नाहीत.

पोहोच अंगणवाडीची असली पाहिजे. तालुक्याला माल उतरवून देयक निघालं की पुढची वाहतूक सेविकेच्या गळ्यात पडते, आणि बैठकीला आलेल्या सेविकेची ‘माल मिळाला’ म्हणून सही आधीच घेतली जाते. चलनावर वस्तूंची यादी मराठीत आणि संख्येसह हवी, मोजून घ्यायला दोन दिवसांची मुदत हवी, आणि कमी आलेल्या वस्तूंसाठी चलनावरच रकाना हवा. तो रकाना नसला तर सेविका तक्रार कुठे लिहिणार?

आता कपाट. खूप अंगणवाड्यांत पेटी येते, वरचं प्लास्टिकही निघत नाही आणि ती कुलपात जाते. यात सेविकेचा दोष काढणं अन्यायाचं आहे. साठा नोंदवहीत तिच्या सहीने ३० ठोकळे जमा आहेत. तपासणीला २६ भरले तर उरलेले ४ कुठे, हे तिला विचारलं जाणार, प्रसंगी मानधनातून वसुलीची भाषा होणार. तिने कुलूप लावलं, कारण आपली देखरेख तिला तेच शिकवते. यावर उपाय कागदावरचाच आहे. खडू, कागद, चिकणमाती, दोरे, मणी या वस्तू पहिल्या दिवसापासून उपभोग्य म्हणून नोंदवा. त्या संपायलाच हव्यात. ठोकळे, कोडी, बाहुल्या यांसाठी वर्षाला ठरावीक तूट मान्य असल्याचा लेखी आदेश काढा आणि तेवढ्या तुटीची नोंद प्रकल्प पातळीवरच निर्लेखित, म्हणजे साठ्यातून कमी, होऊ द्या.

आणि भेटीच्या नमुन्यातला ‘संच उपलब्ध आहे काय, होय/नाही’ हा प्रश्न काढून टाका. पर्यवेक्षिकेने खडूचा डबा उघडावा. पेटी येऊन तीन महिने झाले आणि सगळे खडू अखंड, टोकदार असतील तर पेटी वापरात नाही. पुस्तकांच्या पिना गंजल्यात का, कोड्यांचे कोपरे सोललेत का, मुलं न विचारता कपाटातून वस्तू घेतात का, हे पाच मिनिटांत दिसतं. मुलं लाकडी ठोकळे सोडून प्लास्टिकचेच घेत असतील तर का, हे सेविकेला विचारा. बहुतेकदा लाकडी ठोकळे जड असतात किंवा एकावर एक नीट बसत नाहीत. ही उत्तरं डिसेंबरपर्यंत वस्तूनिहाय लिहून घ्या: काय संपलं, काय मोडलं, कशाला कुणी हात लावला नाही. निविदेला साधारण तीन आठवड्यांची मुदत द्यावी लागते, त्याआधी नमुने आणि मंजुरी, त्यानंतर तपासणी आणि वाटप. हा हिशेब उलटा मांडला की दिसतं, जूनमध्ये पेटी हवी असेल तर स्पेसिफिकेशनचं पान जानेवारीत लिहून झालेलं पाहिजे, आणि ते लिहिणाऱ्या समितीत किमान दोन सेविका बसलेल्या पाहिजेत.