‘देव बोलला’ असं वाटतं तेव्हा: आत्मिक पारखेबद्दल काही व्यावहारिक गोष्टी

आत्मिक विवेकाचा विषय निघाला की बहुतेकांच्या मनात एकच प्रश्न असतो: देवाची इच्छा मला कळणार कशी? त्यामागे बहुधा नोकरी, लग्न किंवा सेवेतलं एखादं पाऊल असतं. प्रश्न रास्तच आहे. पण तिथून सुरुवात केली की माणूस खुणा शोधायला लागतो, आणि खुणा शोधणाऱ्याला त्या सापडतातच. म्हणून आज दुसऱ्या टोकाकडून सुरुवात करू. संदेश, वचन, मनातली ओढ, वडीलधाऱ्यांचा सल्ला अशा रूपांनी ‘हे देवाकडून आहे’ म्हणत आपल्यापर्यंत जे येतं, ते तपासायचं कसं?

बायबलमधलं ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक, अध्याय 21. प्रेषित पौल यरुशलेमेला निघाला आहे. कैसरीयात अगब नावाचा संदेष्टा येतो, पौलाचा कमरबंद घेऊन स्वतःचे हातपाय बांधतो आणि सांगतो की, ज्याचा हा कमरबंद आहे त्याला यरुशलेमेत असंच बांधून परराष्ट्रीयांच्या हाती देतील. ऐकणारे सगळे पौलाला विनवतात की जाऊ नकोस. त्यांत वृत्तांत लिहिणारा लूकही आहे. तो ‘आम्ही’ असंच लिहितो. तरीही पौल जातो. मग त्याने आत्म्याचा शब्द धुडकावला का? आदल्याच अध्यायात त्याने स्वतः सांगितलंय की बंधनं आणि संकटं पुढे वाट पाहताहेत अशी साक्ष पवित्र आत्मा नगरोनगरी देतो आहे, आणि तरी त्याच आत्म्याने बांधलेला असा मी जातो आहे. म्हणजे पुढे काय होणार याबद्दल वाद नव्हताच. अगबाच्या संदेशात ‘जाऊ नकोस’ हे शब्द कुठेही नाहीत. ते ऐकणाऱ्यांच्या मायेतून आले. (चौथ्या वचनातल्या सोरच्या शिष्यांचं प्रकरण इतकं सरळ नाही. ते पौलाला जाऊ नकोस म्हणतात, आणि ते ‘आत्म्याच्या द्वारे’ असं तिथे स्पष्ट म्हटलंय. माझ्या मते तिथेही इशारा आत्म्याचा आणि निष्कर्ष माणसांचा, पण यावर मतभेद आहेत आणि ते राहणार.)

इथून एक पद्धत हाती लागते. जे काही ऐकलं किंवा जाणवलं ते कागदावर तीन वेगळ्या ओळींत लिहायचं. पहिली ओळ: नेमकं काय ऐकलं, काय जाणवलं? दुसरी: मी त्याचा अर्थ काय लावतोय? तिसरी: म्हणून मी काय करणार आहे? समजा, पहिल्या ओळीत आलं, ‘प्रार्थना करताना या कामाबद्दल अस्वस्थ वाटलं.’ दुसरीत, ‘देव नको म्हणतोय.’ तिसरीत, ‘दिलेला होकार मागे घेतो.’ आता पहिल्या ओळीपाशी थांबा. अस्वस्थता अपुऱ्या झोपेची असेल, भीतीची असेल, लपवून ठेवलेल्या एखाद्या पापाची असेल, किंवा खरोखरच इशारा असेल. दुसऱ्या ओळीवर आपण उडी मारून पोहोचलो, हे कागदावर लगेच दिसतं. डोक्यात असताना तिन्ही ओळी एकच वाटतात. बहुतेक गफलती इथेच होतात.

शब्द खरे आहेत एवढ्याने त्यांचा उगम शुद्ध ठरत नाही, हेही पक्कं लक्षात ठेवायला हवं. फिलिप्पैमधली दासी पौलाच्या मागे ओरडत होती की ही माणसं परात्पर देवाचे दास आहेत आणि तारणाचा मार्ग सांगतात. एकही शब्द खोटा नव्हता. तरी पुष्कळ दिवसांनी पौलाने त्या आत्म्याला तिच्यातून निघून जायला सांगितलं. जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाचा 13 वा अध्याय तर याहून कडक आहे: संदेष्ट्याने सांगितलेलं चिन्ह खरं झालं, पण तो दुसऱ्या देवांकडे नेत असेल, तर त्याचं ऐकायचं नाही. तेव्हा ‘त्यांनी सांगितलेलं अगदी तसंच घडलं’ हा पुरावा पुरेसा नाही. विचारायचं ते असं: हा माणूस देहाने आलेल्या येशू ख्रिस्ताबद्दल काय शिकवतो (1 योहान 4), आणि त्याचं फळ काय (मत्तय 7)? फळ एका सभेत दिसत नाही. पैशांचा हिशेब मागितला की त्याचं वागणं कसं असतं, विरोधात बोलणाऱ्याशी कसं, मंडळी सोडून गेलेल्याबद्दल तो काय बोलतो, हे महिनोन्‌महिने पाहावं लागतं.

वचनाच्या बाबतीत फसगत सगळ्यात सोपी असते, कारण तिथे आपण बेसावध असतो. मत्तय 4:6 उघडा आणि शेजारी स्तोत्र 91 ठेवा. मंदिराच्या शिरोभागी सैतान येशूला वचनच ऐकवतो: देव आपल्या दूतांना तुझ्याविषयी आज्ञा देईल, ते तुला हातांवर झेलतील. स्तोत्रात या दोन वाक्यांच्या मध्ये ‘तुझ्या सर्व मार्गांत तुझं रक्षण करावं’ अशा अर्थाचे शब्द आहेत. मत्तयातल्या उद्धरणात ते नाहीत. हे मार्ग देवाला आश्रय मानणाऱ्याचे आहेत, हे त्याच स्तोत्राच्या नवव्या वचनावरून कळतं. उंचावरून उडी टाकून देवाला आजमावणं हा काही त्यातला मार्ग नव्हे. आणखी एक गंमत पाहा. उद्धरण बाराव्या वचनापाशी थांबतं. तेराव्या वचनात सिंह आणि सर्प तुडवण्याची गोष्ट आहे, आणि सर्प म्हणजे सैतानाचीच खूण! येशूचं उत्तर, ‘तुझा देव परमेश्वर याची परीक्षा पाहू नको’, अनुवाद 6:16 मधून येतं, आणि त्या वचनात मस्साचा उल्लेख आहे. मस्सा म्हणजे निर्गम 17: पाणी नाही म्हणून लोकांनी विचारलं होतं, परमेश्वर आमच्यामध्ये आहे की नाही? एका ओळीला येशूने दुसरी ओळ लावली, पण तिच्यामागचा सगळा प्रसंग त्याच्या ध्यानात होता.

म्हणून कोणी एखादं वचन ‘तुमच्यासाठी’ दिलं तर आधी पूर्ण अध्याय वाचा. कोण कोणाशी बोलतंय, मागे काय घडलं आणि पुढे काय, ते पाहा. शास्त्र कुठेही उघडून बोट ठेवायची सवय असेल तर ती सोडाच. पत्रं तुकड्यांत वाचू नका. फिलिप्पैकरांस पत्राचे चार अध्याय एका बैठकीत पंधरा-वीस मिनिटांत होतात. आठवडाभर रोज संपूर्ण पत्र वाचा, मग पुढच्या आठवड्यात एकेक परिच्छेद. नीतिसूत्रांचे अध्याय 31, म्हणून महिन्याला एक फेरी सोयीची वाटते. पण दहाव्या अध्यायापासून बहुतेक सूत्रं दोन-दोन ओळींची सुटी आहेत, त्यामुळे भराभर वाचलं की काहीच हाती लागत नाही. दिवसाला एकच सूत्र घ्या. 26 व्या अध्यायातली चौथी आणि पाचवी वचनं एकापाठोपाठ घ्या: मूर्खाला त्याच्या मूर्खपणाप्रमाणे उत्तर देऊ नको, आणि लगेच, दे. आज समोर असलेल्या माणसाला यातलं कोणतं लागू पडतं, हे ठरवता येणं म्हणजेच शहाणपण. इब्री लोकांस पत्राच्या 5:14 मध्ये प्रौढांच्या इंद्रियांना सरावाने बरंवाईट ओळखता येतं असं म्हटलंय, तो सराव अशाच छोट्या निवाड्यांतून होतो.

रोज रात्री दहा-पंधरा मिनिटं दिवस मागे वळून तपासायची सवयही याच कामाची. कुठे मन देवाकडे आणि माणसांकडे मोकळं झालं, कुठे आक्रसलं, एवढंच पाहायचं. जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याने सोळाव्या शतकात घालून दिलेला एक नियम इथे उपयोगी पडतो: मन कोरडं आणि उदास असताना, शांतपणे घेतलेला आधीचा निर्णय बदलायचा नाही. प्रार्थना वाढवा, झोप घ्या, पण निर्णयाला हात लावू नका. उत्साहाच्या भरातही नवस आणि वचनं देऊ नयेत, हे मी त्याला जोडेन.

हे सगळं एकट्याने करू नका. पाचव्या शतकात जॉन कॅसियन या संन्यासी लेखकाने अब्बा मोशे (बायबलमधला मोशे नव्हे, अरण्यातला एक संन्यासी गुरू) याच्या तोंडून हेरॉन नावाच्या वृद्ध संन्याशाची हकीकत नोंदवली आहे. हेरॉन पन्नास वर्षं अरण्यात होता. उपास इतका कडक की पुनरुत्थानाच्या सणालाही (ईस्टर) तो बंधुजनांबरोबर जेवायला बसत नसे. सैतान प्रकाशाच्या दूताच्या रूपात आला, तुझ्या पुण्याईमुळे तुला काही होणार नाही म्हणाला, आणि हेरॉनने खोल विहिरीत उडी घेतली. अर्धमेला बाहेर काढल्यावरही आपण फसलो हे तो मान्य करेना. तिसऱ्या दिवशी गेला. उपास आणि प्रार्थना यांत तो कमी पडला नव्हता. त्याला ‘थांब’ म्हणू शकेल असं कोणी उरलं नव्हतं. मोठ्या निर्णयासाठी दोन-तीन माणसं निवडा. त्यांतला निदान एकजण असा हवा की आपल्या होकारात वा नकारात त्याचा काही फायदा-तोटा नाही. त्याला ‘प्रार्थना करा’ एवढंच सांगू नका. कागदावरच्या तिन्ही ओळी वाचायला द्या, आणि आपल्याला काय हवंसं वाटतंय तेही लपवू नका.

इतकं करूनही चुकेल. मग काय करायचं हे बायबलमधल्या ‘यहोशवा’ या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात आहे. गिबोनी लोक फाटके बुधले, झिजलेले जोडे आणि बुरशी लागलेल्या भाकरी घेऊन आले, लांबच्या देशाहून आलो म्हणाले. इस्राएलाच्या पुरुषांनी शिधा तपासला, पण परमेश्वराला विचारलं नाही. करार झाला, शपथ झाली, आणि तीन दिवसांनी कळलं की हे तर शेजारीच राहतात. लोक कुरकुरले, तरी सरदारांनी शपथ मोडली नाही. गिबोनी लाकूडतोडे आणि पाणक्ये झाले, पण जिवंत राहिले. पुढच्याच अध्यायात त्यांच्यावर हल्ला झाला तेव्हा इस्राएलाचा पुढारी यहोशवा रातोरात चालून त्यांच्या मदतीला गेला. पुढे शौल राजाने त्यांना मारलं आणि त्यापायी दावीद राजाच्या काळात तीन वर्षं दुष्काळ पडला. घाईने दिलेला शब्द ‘तेव्हा देवाची इच्छा नव्हती’ म्हणून परत घेता येत नाही. शब्द पाळणंच पाप ठरत असेल तर गोष्ट वेगळी. एरवी तो पाळत पाळतच पुढचं मार्गदर्शन मागायचं असतं.