पूल यादीत कसा येतो

श्रोतेहो, नमस्कार.

न्यू जर्सीतून रोज आगगाडीने न्यूयॉर्क गाठणाऱ्यांमध्ये एडिसन परिसरातली आपली बरीच मराठी मंडळी आहेत. त्यांच्या वाटेत हॅकेनसॅक नदीवर १९१० साली बांधलेला पोर्टल पूल वर्षानुवर्षे उभा आहे. बोटीला वाट द्यायला हा पूल आडवा फिरतो आणि परतताना कधी रूळ जुळले नाहीत, तर कामगार घणाचे घाव घालून ते बसवतात. तोवर दोन्हीकडे गाड्या खोळंबतात. हा पूल बदलायला हवा, हे सर्वांना पटलेले होते. तरी पर्यावरणीय मंजुरी २००८ मध्ये मिळाली आणि फेडरल निधीचा करार व्हायला २०२१ साल उजाडले.

एवढा काळ का लागतो, हे समजून घेण्यासारखे आहे. पेट्रोलच्या प्रत्येक गॅलनवर १८.४ सेंट फेडरल कर आहे, आणि तो १९९३ पासून वाढलेला नाही. त्यातून रस्त्यांसाठी जो निधी उभा राहतो, तो राज्याच्या हाती आगाऊ पडत नाही. राज्य आधी खर्च करते आणि मग बिल पाठवते. साधारणपणे फेडरल वाटा ८० टक्के, आंतरराज्य महामार्गांवर ९० टक्के असतो. उरलेली रक्कम राज्याला स्वतः उभी करावी लागते. फेडरल मंजुरीपूर्वी काम सुरू केले, तर तो खर्च सहसा परत मिळत नाही.

म्हणूनच प्रत्येक राज्य किमान चार वर्षांची प्रकल्पांची यादी तयार करते. तिला एसटीआयपी म्हणतात. त्यामागे वीस वर्षांचा दीर्घकालीन आराखडा असतो. ज्या प्रकल्पासाठी पैसा कुठून येणार हे पटण्याजोगे दाखवता येते, तोच प्रकल्प या यादीत बसतो. १९९१ च्या कायद्याने घातलेली ही अट मला सर्वांत मोलाची वाटते, कारण तिच्यामुळे नुसत्या इच्छांची यादी करून मोकळे होता येत नाही.

अर्थात, यादीत आलेला प्रकल्पही मागे घेतला जाऊ शकतो. हडसन नदीखालच्या नव्या रेल्वे बोगद्याचे काम सुरू झाले होते, पण वाढत्या खर्चाच्या भीतीने न्यू जर्सीचे तेव्हाचे गव्हर्नर ख्रिस ख्रिस्ती यांनी २०१० मध्ये ते रद्द केले. फेडरल सरकारने दिलेल्या रकमेपैकी २७.१ कोटी डॉलर परत मागितले आणि अखेर ९.५ कोटींवर तडजोड झाली.

पन्नास हजारांहून अधिक वस्तीच्या शहरी भागांची यादी महानगर नियोजन संस्था करते आणि ती राज्याच्या यादीत जशीच्या तशी घेतली जाते. उत्तर न्यू जर्सीतील तेरा काउंट्यांची अशी एक संस्था आहे. एडिसन ज्या मिडलसेक्स काउंटीत आहे, तीही त्यांत येते. मसुदा अंतिम होण्यापूर्वी तो लोकांपुढे ठेवला जातो. त्यावर महत्त्वाच्या लेखी वा तोंडी सूचना आल्या, तर त्यांचा गोषवारा आणि त्यांचे पुढे काय केले याची नोंद अंतिम कागदपत्रांत द्यावीच लागते. आपल्या स्टेशनच्या फलाटाविषयी किंवा शाळेजवळच्या चौकाविषयी काही सांगायचे असेल, तर ते त्या मुदतीत लिहून पाठवावे.