कठड्यांच्या आत घडलेला डावा पाय

मित्रहो, इनडोअर फुटबॉल म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर जाळीने वेढलेला टर्फ आणि तासाच्या भाड्यावर रंगलेला पाच-पाच जणांचा सामना उभा राहतो. खरा खेळ मैदानातला आणि हा फावल्या वेळचा, अशी आपली समजूत असते. ही समजूत मला फारशी पटत नाही, आणि का पटत नाही हे सांगण्यासाठी आज मी प्रेद्राग रादोसावल्येविच, म्हणजेच ‘प्रेकी’, या खेळाडूची कारकीर्द निवडली आहे.

प्रेकीचा जन्म 1963 सालचा, बेलग्रेडचा. रेड स्टार या तिथल्या नामांकित क्लबातून तो 1985 मध्ये अमेरिकेतल्या टकोमा स्टार्स या इनडोअर संघात आला. नॉर्थ अमेरिकन सॉकर लीग 1984च्या मोसमानंतर बंद पडल्यामुळे त्या वेळी अमेरिकेत मैदानी फुटबॉलची मोठी व्यावसायिक लीगच उरली नव्हती, आणि फुटबॉलवर पोट भरायचे तर इनडोअर हाच मुख्य मार्ग होता. हा खेळ आपल्या टर्फपेक्षा वेगळा आणि फुटसाल या कठडे नसलेल्या इनडोअर प्रकारापेक्षाही वेगळा. आइस हॉकीच्या रिंकएवढ्या जागेत कृत्रिम गवत अंथरलेले, चहूबाजूंनी कठडे, गोलरक्षक धरून प्रत्येक संघाचे सहा जण, आणि खेळ चालू असतानाच होणारी खेळाडूंची अदलाबदल. चेंडू कठड्यावर आपटून परत खेळात येतो, त्यामुळे तो बाहेर गेला म्हणून श्वास घ्यायला सवड मिळत नाही. चेंडू पायाशी येण्याआधीच पुढचा विचार झालेला असावा लागतो, कारण तो आल्यावर प्रतिस्पर्धी हातभर अंतरावर असतो. या खेळाला प्रेक्षक नव्हते असेही समजू नका. 1987च्या इनडोअर लीगच्या अंतिम फेरीतला टकोमा आणि डॅलस यांच्यातला निर्णायक सातवा सामना पाहायला टकोमा डोममध्ये एकवीस हजारांहून अधिक लोक आले होते. टकोमा तो सामना जादा वेळेत हरले.

प्रेकी 1989 मध्ये त्या इनडोअर लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. ती लीग 1992 मध्ये बुडाल्यावर तो इंग्लंडला गेला आणि एव्हर्टनकडून दोन, पोर्टस्मथकडून एक असे मोसम खेळला. तिथे तो उपयुक्त ठरला, पण लखलखला नाही. 1996 मध्ये अमेरिकेत मेजर लीग सॉकर ही मैदानी लीग सुरू झाली आणि तो कॅन्सस सिटीत दाखल झाला तेव्हा वयाची तेहेतिशी जवळ आली होती, म्हणजे आपल्याकडे ज्या वयात निवृत्तीचा सत्कार ठरतो ते वय. त्यानंतर 1997 मध्ये तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू झाला, 2000 मध्ये त्याच्या संघाने अजिंक्यपद मिळवले आणि 2003 मध्ये, चाळिशी गाठलेली असताना, तो पुन्हा सर्वोत्तम खेळाडू झाला.

हे जमले कसे? त्याची चाल एकच होती. डाव्या पायाने फटका मारण्याचा आविर्भाव करायचा, बचावपटू आडवा झाला की चेंडू त्याच पायाने वळवून घ्यायचा आणि मोकळ्या झालेल्या फटीतून मारायचा. तो डावीकडेच येणार हे बचावपटूंना ठाऊक असे, तरीही ते फसत. माझ्या मते याचे कारण वेगात नव्हतेच. वेग वयाबरोबर ओसरतो, पण हातभर जागेत अर्ध्या क्षणाची वाट पाहण्याची सवय ओसरत नाही, आणि ती सवय कठड्यांच्या आत लागलेली होती. 1996 मध्ये अमेरिकेचे नागरिकत्व मिळालेल्या या खेळाडूने 10 फेब्रुवारी 1998 रोजी लॉस एंजेलिसमध्ये गोल्ड कप या राष्ट्रीय संघांच्या स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात ब्राझीलविरुद्ध बॉक्सच्या बाहेरून गोल केला, तोही डाव्याच पायाने. अमेरिकेने तो सामना 1-0 असा जिंकला. ब्राझीलवरचा त्यांचा तो पहिलाच विजय. त्याच वर्षीच्या विश्वचषकात अमेरिकेच्या गटात नेमका युगोस्लाव्हिया, म्हणजे त्याची जन्मभूमी, आला, हा योगही त्याच्याच वाट्याचा.

प्रशिक्षक प्रेकी मात्र निराळा माणूस वाटावा इतका वेगळा. 2006 मध्ये त्याच लीगमधल्या चिवास यूएसए या संघाचा साहाय्यक प्रशिक्षक असलेला प्रेकी 2007 मध्ये मुख्य प्रशिक्षक झाला, संघाला पश्चिम विभागात अव्वल नेले आणि त्याच वर्षी लीगचा सर्वोत्तम प्रशिक्षक ठरला. एवढा स्वैर खेळणारा हा गृहस्थ खेळाडूंकडून मात्र शिस्त आणि बचावाची पक्की घडी मागत असे. मला यात विसंगती दिसत नाही. अर्ध्या क्षणाची ती वाट पाहणे शब्दांत सांगून शिकवता येत नाही, शिस्त मात्र शिकवता येते. पण शिस्तीनेही सगळे साधले नाही: 2010 मध्ये टोरंटोच्या संघाने त्याला मोसम संपण्याआधीच काढले. पुढे सॅक्रॅमेंटो रिपब्लिक या नव्या संघाला त्याने 2014 मध्ये, पहिल्याच मोसमात, खालच्या श्रेणीतल्या लीगचे अजिंक्यपद मिळवून दिले.

2018 मध्ये तो मेजर लीग सॉकरमधल्या सिअ‍ॅटल साउंडर्समध्ये साहाय्यक प्रशिक्षक म्हणून आला. त्या संघाने 2019 मध्ये लीग आणि 2022 मध्ये कॉन्ककॅफ चॅम्पियन्स लीग ही उत्तर व मध्य अमेरिकेतल्या क्लबांची स्पर्धा जिंकली. सिअ‍ॅटलहून मोटारीने तासाभराच्या आत टकोमा डोम येतो.