ही मेमरी कोणाच्या नावावर?

लिनक्सच्या ड्रायव्हरचा, म्हणजे हार्डवेअर चालवणाऱ्या कोडचा, पॅच (सुचवलेला बदल) रिव्ह्यूला आला की मी आधी हार्डवेअरची रजिस्टरं वाचत बसत नाही. डिव्हाइस जोडल्यावर चालणारं प्रोब फंक्शन उघडतो, मेमरी कुठे कुठे मागितली आहे ते बघतो आणि मग डिव्हाइस सुटताना चालणाऱ्या रिमूव्ह फंक्शनमध्ये तिचा हिशेब लागतो का ते पाहतो. जमिनीचा व्यवहार करण्याआधी आपण सातबारा मागतो ना, तसंच हे. लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, वापरून झालेली मेमरी आपणहून गोळा करणारा गार्बेज कलेक्टर नाही. घेतलेली मेमरी परत कोणी करायची, हे सी भाषेचा कंपायलर विचारत नाही. ते लिहिणाऱ्याच्या डोक्यात असतं, आणि वाचणाऱ्याला ते कळायला व्हेरिएबलचं नाव हाच बहुतेक वेळा एकमेव मार्ग असतो. म्हणून ‘नावं काय, ज्याची त्याची आवड’ असं कोणी म्हणालं की मला पटत नाही.

मोठी नावं द्या, असं मात्र मी म्हणत नाहीये. कर्नलचा कोडिंग स्टाइलचा दस्तऐवजच सांगतो की लूपच्या काउंटरला ‘आय’ पुरे. सगळीकडून बोलावल्या जाणाऱ्या फंक्शनचं नाव मात्र बोलकं हवं.

आता एक नमुना बघू. सिरियल डेटा घेणारा साधा ड्रायव्हर आहे. प्रोबमध्ये केमॅलॉकने (कर्नलमध्ये मेमरी मागायचं फंक्शन) बफर, म्हणजे डेटा साठवायची जागा, घेतलाय, नाव ‘बफ’. त्याखाली इंटरप्ट (हार्डवेअरने मारलेली हाक; ती आली की हँडलर हे फंक्शन चालतं) मागितलाय, तो डेव्हएमवाल्या फंक्शनने. डेव्हएम ही सोय २००७ मध्ये आली: ड्रायव्हर डिव्हाइसपासून सुटला की घेतलेल्या गोष्टी कर्नल आपणहून, उलट्या क्रमाने परत करतो. रिमूव्हमध्ये एकच ओळ आहे, केफ्री करून ‘बफ’ सोडायची, म्हणजे मेमरी परत करायची. दिसायला किती नीटनेटकं! पण डेव्हएमची आवराआवर रिमूव्ह संपल्यानंतर सुरू होते. म्हणजे बफर गेला आणि इंटरप्ट अजून जिवंत आहे. त्या इवल्याशा फटीत हार्डवेअरने हाक मारली, तर हँडलर सोडून दिलेल्या मेमरीत लिहिणार. टेबलावर टेस्ट करताना हे बहुधा कधीच दिसत नाही.

त्याच बफरचं नाव ‘आरएक्स-बफ’ (आरएक्स म्हणजे येणारा डेटा) ठेवून बघा. लगेच प्रश्न पडतो: यात भरतं कोण? इंटरप्ट हँडलर. मग हँडलर बंद होईपर्यंत तो जगायला हवा. दुरुस्ती सोपी आहे, दोन्ही गोष्टी डेव्हएमने घ्या आणि बफर आधी घ्या, म्हणजे उलट्या क्रमात इंटरप्ट आधी सुटतो, बफर नंतर. अर्धं हाताने, अर्धं डेव्हएमने असा संसार दिसला की मी तिथेच थांबतो.

चूक झाल्यावर उडी मारायच्या लेबलांचंही तेच. ‘एरर१’, ‘एरर२’, ‘एरर३’ लिहिलेलं असतं, मध्ये कोणीतरी एक नवी मागणी घुसवतो आणि आकड्यांचा मेळ सुटतो. ‘फ्री-आरएक्स-बफ’ असं लेबल दिलं तर चुकीची उडी वाचतानाच खटकते. आणि हो, मेमरी न मिळाल्यावर उणे एक परत करू नका. लिनक्समध्ये त्याचा अर्थ ‘परवानगी नाही’ असा होतो. ‘मेमरी नाही’ हे उणे बारा, आणि त्याला ईनोमेम हे नाव आहे, तेच वापरा.

मागणीच्या ओळीत मी आकार बघतो. आकार सांगणाऱ्या साइझऑफमध्ये स्ट्रक्चरचं नाव न लिहिता पॉइंटर उलगडून (आधी तारांकन लावून) लिहा. उद्या प्रकार बदलला तरी आकार बरोबर राहतो. नोंदींची संख्या गुणिले आकार असा गुणाकार दिसला तर केमॅलॉक-अॅरे किंवा केकॅलॉक वापरा, ती फंक्शनं गुणाकार ओसंडतो का ते तपासतात. बत्तीस बिटांच्या मशीनवर सोळा बाइटच्या २६,८४,३५,४५७ नोंदी मागा, गुणाकार ओसंडून हातात फक्त सोळा बाइट येतात, तेही बिनतक्रार. २०१८ मध्ये ४.१८ आवृत्तीच्या वेळी कर्नलभरचे असे गुणाकार हुडकून बदलले गेले, ते उगाच नाही. स्पिनलॉक (जो हातात असताना थांबून राहता येत नाही असं कुलूप) हातात असेल किंवा इंटरप्टमध्ये असाल तर मागणीला जीएफपी-कर्नल हा नेहमीचा फ्लॅग चालत नाही, कारण ती मागणी झोपू शकते, म्हणजे मेमरीची वाट बघत थांबू शकते. पण म्हणून सगळीकडे न झोपणारं जीएफपी-अॅटॉमिक टाकायचं नसतं. ते राखीव साठ्याला हात घालतं आणि सहज अपयशीही होतं.

डेव्हएमने सगळं सुटतं असंही नाही. कॅरेक्टर डिव्हाइसची (फाइलसारखं उघडून वाचता-लिहिता येणारं डिव्हाइस) फाइल एखाद्या प्रोग्रॅमने उघडून ठेवलीय आणि यूएसबी काढून घेतलं, तर डेव्हएमची मेमरी जाते, पण फाइल उघडीच राहते. अशा स्ट्रक्चरचं आयुष्य डिव्हाइसच्या हाती ठेवता येत नाही, तिथे केरेफ हा कर्नलचा मोजक वापरून संदर्भ, म्हणजे ते अजून किती जण वापरताहेत, मोजावे लागतात. पॅच पाठवण्याआधी केएएसएएन (मेमरीचा चुकीचा वापर पकडणारी कर्नलची सोय) चालू करून कर्नल बांधा. एका टर्मिनलवर डिव्हाइस फाइल उघडून ठेवा, दुसऱ्यावर सिसएफएसमधून (कर्नलच्या गोष्टी फाइलींच्या रूपात दाखवणारी जागा) ड्रायव्हर अनबाइंड करा, म्हणजे डिव्हाइसपासून सोडवा, आणि मग पहिल्यावरून रीड मारा. घोळ असेल तर पत्ता, फंक्शन आणि ती मेमरी कुठे सोडली होती ते सगळं डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या नोंदींत, छापून येईल.