सहावा मसुदा

(ड्रोन. इर्शाळगडाचा सुळका, खाली ढग. पहिली काही क्षणं फक्त वारा.)

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरून चौक गावाजवळ आलात की हा सुळका दिसतो. सुळक्याला आरपार नेढं आहे, त्यातून पलीकडचं आभाळ दिसतं. ट्रेकर मंडळींच्या ओळखीचा हा इर्शाळगड. आता नजर जरा खाली आणा. सगळ्या हिरव्यामध्ये तो जो फिकट पट्टा उतरलेला दिसतो, वर अरुंद आणि खाली पसरलेला, तिथे इर्शाळवाडी होती.

(पायवाट. कॅमेरा चालणाऱ्याच्या खांद्यावर.)

वाडीत यायला गाडीरस्ता नव्हता. हीच पायवाट. ठाकर आदिवासींची वस्ती, २२८ माणसं, उतारावर नाचणी-वरीची शेतं. १९ जुलै २०२३ च्या रात्री वाडीवर दरड कोसळली आणि याच वाटेने, भर पावसात, बचाव पथकं चढली. जेसीबी येणं शक्यच नव्हतं, म्हणून कुदळ, फावडं आणि घमेलं घेऊन माणसं माती उपसत होती. चढताना नवी मुंबईहून आलेल्या अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्याला हृदयविकाराचा झटका आला. तो गेला. चार दिवसांनी शोध थांबवला तोवर २७ मृतदेह हाती लागले होते. ५७ जण बेपत्ता ठरवले गेले. ते या पट्ट्याखालीच आहेत.

(वरून खाली. दूरवर मोरबे धरणाचा जलाशय चमकतोय.)

समोर दिसतंय ते मोरबे धरण. नवी मुंबई हे पाणी पिते. या डोंगरांवर पडणारा पाऊस खाली शहरात नळाने जातो, हे लक्षात असू द्या. डोंगराचं काय होतं हा फक्त डोंगरातल्या माणसांचा प्रश्न नाही.

(घाटरस्त्यासाठी कापलेली दरड. जवळून. हात मातीचा थर दाखवतो.)

डोंगर का येतो खाली? हा कापलेला कडा नीट पाहा, इथे सगळं उघडं पडलंय. सगळ्यात खाली काळा कातळ. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक साचले, त्यातून हा सह्याद्री उभा राहिला. त्या कातळावर मुरूम. कातळच, पण ऊन-पावसाने कुजून भुसभुशीत झालेला. त्यावर लाल माती, आणि मातीला धरून ठेवणारी मुळं. एरवी ही रचना पक्की असते. पाऊस पडतो, माती पाणी पिते, मुरमातून ते झिरपतं, कातळाशी पोचलं की आडवं सरकतं आणि खाली कुठेतरी झरा होऊन बाहेर येतं. डोंगराने स्वतःसाठी काढलेले हे पाट आहेत.

पण पाणी निघून जाण्याच्या वेगापेक्षा येण्याचा वेग वाढला तर? ते कातळ आणि मुरूम यांच्या मधे तुंबतं. वरची माती जड होते, खालून पाण्याचा दाब तिला उचलू लागतो, आणि कणांनी कणांना धरलेलं सुटतं. बऱ्याचदा आधी खुणा दिसतात. माथ्याकडे जमिनीला भेगा जातात, झाडं कलतात, झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ होतं. काही ठिकाणी खुणा दिसायला उजेडच नसतो. इर्शाळवाडीवर दरड आली ती रात्री.

(सरींचा पडदा. समुद्र. पावसाचे ढग घाटावर आदळताना.)

सह्याद्रीला पाऊस नवा नाही. बदललाय तो पावसाचा स्वभाव. अरबी समुद्र तापतोय. हवा एक अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरते, आणि धरलेलं बाष्प कुठेतरी रितं होतंच. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये दाखवून दिलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या प्रदेशावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. मधले दिवस कोरडे आणि मग एकदम ओतणं. २२ जुलै २०२१ ला महाबळेश्वरात चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला.  त्याच दिवशी महाड तालुक्यातलं तळिये गाडलं गेलं. इर्शाळवाडीच्या परिसरात तीन दिवसांत ४९९ मिलिमीटर झाला होता.

हे सगळं माहीत असलेला देश काय करतो?

(राजपत्राची पानं. तारखा एकेक करून पडद्यावर. आवाज फक्त पानांचा.)

२०१० मध्ये केंद्राने पर्यावरणतज्ज्ञ माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली पश्चिम घाट तज्ज्ञ समिती नेमली. ३१ ऑगस्ट २०११ ला अहवाल दिला गेला. तो लोकांना वाचायला मिळाला मे २०१२ मध्ये, आणि तोही माहितीच्या अधिकाराची लढाई होऊन. अहवालाने सगळा घाट संवेदनशील मानला, त्याचे तीन स्तर केले, आणि कुठे काय चालेल हे ग्रामसभांना विचारून ठरवा असं सांगितलं. राज्यांना तो जड वाटला. मग अंतराळशास्त्रज्ञ के. कस्तुरीरंगन यांची समिती आली. २०१३ मध्ये तिने संरक्षणाखालचा भाग घाटाच्या ३७ टक्क्यांवर आणला. खाणी आणि दगडखाणी बंद, अतिप्रदूषक उद्योग नाहीत, २० हजार चौरस मीटरच्या वरची बांधकामं नाहीत. मुख्य अटी एवढ्याच.

या आटलेल्या अहवालावर, घाटाचा हा भाग संवेदनशील म्हणून जाहीर करणाऱ्या अधिसूचनेचा पहिला मसुदा निघाला १० मार्च २०१४ ला. मसुदा ठरलेल्या मुदतीत अंतिम झाला नाही की तो रद्द होतो आणि नवा काढावा लागतो. आता तारखा पाहत चला.

पहिल्या मसुद्यानंतर चार महिन्यांनी, ३० जुलै २०१४ ला, आंबेगाव तालुक्यातलं माळीण दरडीखाली गेलं. सकाळी एसटी गावापाशी आली आणि चालकाला गाव दिसेना, म्हणून बाहेरच्या जगाला कळलं. १५१ माणसं गेली.

दुसरा मसुदा, ४ सप्टेंबर २०१५. तिसरा, २७ फेब्रुवारी २०१७. चौथा, ३ ऑक्टोबर २०१८, केरळच्या महापुरानंतर. २०२१ चं तळिये आलं आणि गेलं. पाचवा, ६ जुलै २०२२. मग इर्शाळवाडी. ३० जुलै २०२४ च्या पहाटे केरळात वायनाडमध्ये मुंडक्कई आणि चूरलमला वाहून गेली. दुसऱ्या दिवशी सहावा मसुदा निघाला.

या मसुद्यात सहा राज्यं, ५६ हजार ८२५ चौरस किलोमीटर, त्यातले १७ हजार ३४० महाराष्ट्राचे. पाच मसुदे अंतिम न होताच संपले. सहावाही मसुदाच.

(बांधावर बसलेले शेतकरी. आवाज नाही.)

विरोध गावांतूनही झाला, हे खरं आहे आणि ते लपवायचं नाही. घर दुरुस्त करता येणार नाही, जमीन जाईल, अशी भीती वाडीवाडीत पोचली. मसुद्यात तर स्पष्ट लिहिलंय की राहत्या घरांची दुरुस्ती, वाढ, मालकीबदल यांवर बंदी नाही. ते वाचून दाखवायला ग्रामसभेत जाणं हे निवडून आलेल्यांचं काम होतं. ते करण्याऐवजी गावं वगळण्याची मागणी दिल्लीला गेली.

अधिसूचना असती तर इर्शाळवाडी वाचली असती, असं आम्ही म्हणणार नाही. तो उतार कुणी खाणीसाठी पोखरला नव्हता. पण दरडप्रवण गावांच्या सरकारी यादीत या वाडीचं नाव नव्हतं, हे दुसऱ्याच दिवशी सरकारनेच सांगितलं. यादी जुन्या पावसावर बेतलेली असेल तर नव्या पावसात ती काय कामाची? प्रत्येक वाडीचा उतार पुन्हा तपासणं, घाटमाथ्यावर जागोजाग पर्जन्यमापक, किती मिलिमीटर झाला की गाव रिकामं करायचं याचा ठरलेला आकडा, आणि ज्यांना हलवायचं त्यांना दरडीच्या आधी जमीन. यातलं काहीच शोधून काढायचं राहिलेलं नाही. पैसा आणि सही लागते.

(नव्या वसाहतीतल्या घरांच्या रांगा.)

इर्शाळवाडीतली वाचलेली कुटुंबं आधी कंटेनरच्या खोल्यांत राहिली, मग सिडकोने बांधलेल्या घरांत. माळीणच्या लोकांना २०१७ मध्ये नवं गाव मिळालं. पहिल्याच पावसात तिथल्या जमिनीला भेगा गेल्या.

(संध्याकाळ. समोरच्या डोंगरावर एकेक दिवा लागतो.)

इर्शाळवाडीची ती रात्र आली तेव्हा मुंबईत विधिमंडळाचं पावसाळी अधिवेशन चालू होतं. निवेदन झालं, मदत जाहीर झाली. पुढचं पावसाळी अधिवेशनही पावसातच भरेल. त्यात एक दिवस या सहाव्या मसुद्याला द्या, गावांच्या यादीसकट, आणि ज्या आमदाराच्या मतदारसंघात ही गावं आहेत त्याने सभागृहात उभं राहून बोलावं, बाजूने किंवा विरोधात.

(दिवे. पाऊस सुरू होतो. निवेदन नाही.)